'वरची अर्धी जागा रिकामी': एका पोस्टर परीक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

१३ ते १५ वर्षांच्या ३४ मुलामुलींनी रस्ता सुरक्षेवर पोस्टरं केली आणि आम्ही तिघांनी ती तपासली. तपासताना जे चुकलं ते निस्तरायला पुढे दोन आठवडे गेले. मी चित्रकला शिकवते. माझ्याबरोबर विज्ञान शिकवणारे एक सहकारी होते, आणि पाहुणी परीक्षक म्हणून एक व्यावसायिक ग्राफिक डिझायनर. मुलांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पोस्टरांबद्दल आणि आमच्या शेऱ्यांबद्दल मात्र जे घडलं तेच लिहिते आहे.

ए-२ आकाराचा कागद म्हणजे ४२० × ५९४ मिलिमीटर, उभा किंवा आडवा. माध्यम कोणतंही, मजकूर दहा शब्दांच्या आत. चार तास वर्गात, उरलेलं काम घरी. गुणांचा तक्ता वर्षानुवर्षं चालत आलेला: सर्जनशीलता १०, विषयाशी सुसंगती १०, मांडणी आणि रंगसंगती १०, सफाई ५. तो तक्ता कोणी आणि कधी केला हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

कामाला सुरुवात करण्याआधी मी मुलांना तीन नमुना पोस्टरं दाखवली. 'असं काहीतरी' हे कळावं एवढाच हेतू. तीनपैकी दोनांत ट्रॅफिक सिग्नल होता.

पहिला दिवस

सगळी पोस्टरं जमिनीवर मांडली आणि आम्ही त्यांच्यामधून फिरलो. तासाभरात ३४ पोस्टरं म्हणजे एकेकाला दोन मिनिटंही नाहीत. १५ पोस्टरांत सिग्नल होता. काहींना डोळे होते, एकाला मिशा होत्या, एक रडत होता. नमुना दाखवला की पुढचं काम त्याच्याभोवतीच घुटमळतं हे संशोधनात नोंदलेलं आहे. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ यांनी अभियंत्यांना उदाहरणं देऊन पाहिलं, तर उदाहरणांतले दोषसुद्धा त्यांच्या नव्या आराखड्यांत उतरले होते. तरबेज माणसांचं हे, तर चौदा वर्षांच्या मुलांनी सिग्नल काढला यात त्यांचा काय दोष? तरी त्या दिवशी मी तिथे उभी राहून 'मुलं विचारच करत नाहीत' असं म्हटलं.

या प्रकरणात दोन पोस्टरं महत्त्वाची आहेत, म्हणून ती नीट सांगते.

पहिलं एका मुलीचं, आडवं, जलरंगातलं. रात्रीचा ओला रस्ता, समोरून येणाऱ्या दोन गाड्यांचे दिवे, त्यांचे पिवळे ओघळ डांबरावर पसरलेले, निघून गेलेल्या गाडीच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा. कागद ओला असतानाच रंग सोडून ते ओघळ आणले होते आणि तिच्या वयाच्या मानाने हात विलक्षण तयार होता. मजकूर एकही नाही. डिझायनरने सर्जनशीलतेला ९ दिले, मी ८, सहकाऱ्यांनी ५. विषयाशी सुसंगतीला आम्हा तिघांपैकी कुणीच दोन-तीनच्या पुढे गुण दिले नाहीत. मी तर सगळ्यांसमोर म्हणाले, "रंगकाम फार सुंदर आहे गं, पण यात विषय कुठे आहे?"

ती म्हणाली, "आहे." आणि खाली बसली. मी पुढच्या पोस्टरकडे वळले.

दुसरं एका मुलाचं, उभं. कागदाचा वरचा अर्धा भाग कोरा. अगदी वरच्या कडेला पेन्सिलने एक बारीक आडवी रेघ आणि शेजारी एकच शब्द, 'दिसलं'. बरोबर मध्यावर दुसरी रेघ आणि 'ब्रेक'. तिथून खाली कोळशाने घासलेल्या टायरच्या दोन काळ्या खुणा, खालच्या कडेजवळ पडलेल्या एका चेंडूवरून जाऊन कागदाबाहेर निघून गेलेल्या. अक्षरं वेडीवाकडी होती आणि कोळशाचे बोटांचे डाग सगळीकडे. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'कल्पना ठीक. वरची अर्धी जागा रिकामी. चित्र पूर्ण कर.' सहकाऱ्यांनी 'अपूर्ण' एवढंच लिहिलं. डिझायनरने सर्जनशीलतेला ७ दिले, पण शेरा लिहायला तिला वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी गुण आणि शेऱ्यांच्या चिठ्ठ्या मुलांच्या हातात पडल्या.

अडचण

बेरीज करताना ती समोर आली. सर्जनशीलतेच्या रकान्यात एकाच पोस्टरला ९ आणि ५, दुसऱ्या एकाला ३ आणि ८. परीक्षकांत थोडा फरक पडतोच, पण इतका फरक म्हणजे आम्ही तिघं वेगवेगळी गोष्ट मोजत होतो. त्यातच त्या मुलीची मैत्रीण येऊन सांगून गेली की ती प्रदर्शनात पोस्टर लावणार नाही.

मी सहकाऱ्यांना आणि डिझायनरला एक विनंती केली. 'सर्जनशीलता' या शब्दाने आपल्याला स्वतःला काय अभिप्रेत होतं, हे प्रत्येकाने एका ओळीत लिहायचं, एकमेकांचं न बघता. सहकाऱ्यांनी लिहिलं, 'पूर्वी न पाहिलेली कल्पना'. डिझायनरने लिहिलं, 'जे पाहून पाय थांबतात'. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. प्रामाणिकपणे लिहायचं तर मी हाताच्या तयारीला गुण दिले होते. रंग ज्याच्या ताब्यात, तो मला सर्जनशील वाटत आला आहे.

सुसंगतीच्या बाबतीत आमचं एकमत होतं, आणि ते जास्त घातक होतं. आम्ही तिघांनीही 'विषय ओळखू येतो का' एवढंच पाहिलं होतं. गाडी, सिग्नल, हेल्मेट, झेब्रा क्रॉसिंग यांपैकी काही दिसलं की आठ-नऊ गुण. म्हणजे सिग्नलला डोळे काढणाऱ्या मुलाला सुसंगतीत भरघोस गुण मिळत होते आणि विषयाशी खरोखर झटापट करणारं पोस्टर त्यात मागे पडत होतं. तक्ता तोंडाने नवं मागत होता आणि गुण देताना ओळखीच्याच वस्तूंना देत होता.

दोन रकाने वेगळे असण्यातच मूळ घोटाळा आहे असं मला आता वाटतं. मॉरिस स्टाइन यांनी १९५३ मध्ये सर्जनशील कृतीची केलेली आणि पुढे संशोधकांत रूढ झालेली व्याख्या दोन अटींची आहे: कृती नवी असली पाहिजे आणि कोणत्या तरी समूहाला ती उपयुक्त किंवा पटणारी वाटली पाहिजे. त्या व्याख्येत सुसंगती ही सर्जनशीलतेच्या पोटातच येते. विषयाला न लागणारी नवी गोष्ट नुसती वेगळी असते. आम्ही 'वेगळं' एका रकान्यात आणि 'लागू' दुसऱ्या रकान्यात टाकून त्यांची बेरीज करत होतो.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा मार्ग सरासरी काढण्याचा. निकाल वेळेत लागला असता, तक्रारही आली नसती. पण दोन वेगळ्या मापांची सरासरी कशाचंच माप नसते, आणि ती मुलगी तर गुणांबद्दल बोलतच नव्हती.

सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की डिझायनरचा शब्द अंतिम मानावा, ती त्या क्षेत्रातली आहे. डिझायनरनेच ते नाकारलं. तिने १९४१ मधलं ब्रिटनमधलं एक उदाहरण दिलं. एब्रम गेम्स या नावाजलेल्या पोस्टरकाराने स्त्रियांच्या लष्करी सेवेच्या भरतीसाठी पोस्टर केलं. ते इतकं देखणं झालं की संसदेत त्यावर आक्षेप घेतला गेला, फार मोहक आहे म्हणून, आणि ते मागे घ्यावं लागलं. इतका तरबेज माणूस असूनही पोस्टर विषयाला लागलं की नाही हे बघणाऱ्यांनीच ठरवलं, असं ती म्हणाली. पाहणाऱ्यांना वगळून एकाच जाणकाराने सुसंगती ठरवायची हे तिला पटत नव्हतं.

तिसरा विचार सगळंच रद्द करून नवा विषय देण्याचा होता. त्यात ज्यांनी रात्री जागून काम केलं होतं त्यांच्यावर अन्याय झाला असता.

उरला तो पर्याय महागडा होता: गुण मागे घ्यायचे, पोस्टरं पुन्हा पाहायची, या वेळी मुलांसह, आणि सुधारायला एक आठवडा द्यायचा. गुण मागे घेण्याला सहकाऱ्यांचा विरोध होता. दिलेले गुण काढून घेतले तर आपल्यावरचा विश्वास जाईल, असं ते म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. मी रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासाचा आधार घेतला. त्यात नुसते शेरे मिळालेल्या मुलांचा रस आणि काम दोन्ही वाढले. शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा शेऱ्यांचा तो फायदा उरला नाही. आकडा दिसला की मूल वाक्य वाचत नाही, हे वर्गात आपण रोजच बघतो. शेवटी तिघांचं ठरलं: मुलांना खरं सांगायचं की आम्ही नीट पाहिलं नाही, म्हणून पुन्हा पाहतो आहोत.

सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. मग मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे आता गुण वाढणार की कमी होणार?"

काय केलं

दुसरी फेरी चार दिवसांनी झाली, दोन दिवस, रोज तीन तास. पद्धत नवी शोधली नाही. कलासमीक्षा शिकवताना एडमंड फेल्डमन यांच्या चार पायऱ्या वापरतात: आधी वर्णन, मग विश्लेषण, मग अर्थ आणि सर्वांत शेवटी मूल्यमापन. त्यात लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने १९९० पासून विकसित केलेल्या पद्धतीतली एक गोष्ट मिसळली. तिथे मत देण्याआधी तटस्थ प्रश्न विचारले जातात, आणि मत ऐकायचं आहे का हेही कलाकाराला विचारतात.

पोस्टर भिंतीवर लावायचं. पहिली पाच मिनिटं फक्त दिसतं ते बोलायचं. 'छान', 'पण', 'मला वाटतं' हे शब्द बंद. पोस्टर करणाऱ्याने गप्प राहायचं. मग प्रश्न. मग करणाऱ्याने आधीच लिहून पाकिटात ठेवलेलं एक वाक्य वाचायचं: हे पोस्टर कोणाला, काय करायला सांगतं? दहा पावलं मागे जाऊन पुन्हा पाहायचं. मत त्यानंतरच.

बहुतेक पोस्टरं भराभर पुढे गेली. 'कोणाला, काय' या वाक्याने बऱ्याच जणांची पंचाईत केली, कारण 'सर्वांना, नियम पाळा' याच्या पुढे वाक्य जाईना. विषयच मुळात मी इतका मोकळा सोडला होता. एका सिग्नलवाल्या मुलाने मात्र चकित केलं. त्याचे तिन्ही दिवे एकाच करड्या रंगाचे होते. आम्ही पहिल्या दिवशी 'रंग भरायचा राहिला' असं समजून पुढे गेलो होतो. त्याचं वाक्य होतं: 'लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसाला दिवा वर आहे की खाली यावरूनच कळतं, खांबावर दिव्यांच्या जागा बदलू नका.' सिग्नल हीच घिसीपिटी कल्पना, असं मी धरून चालले होते. पण वस्तू जुनी असली तरी तिच्याबद्दल म्हणायचं काय आहे ते नवं असू शकतं.

ओल्या रस्त्याचं पोस्टर

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीवर लागलं. ती मुलगी हाताची घडी घालून मागे उभी होती. चिठ्ठीनंतर तिने पोस्टरला हात लावला नव्हता.

"ओला रस्ता."
"दोन दिवे, पिवळे."
"लाल रेघा."
"उजवीकडे खांब."
थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग पुढच्या बाकावरचा एक मुलगा डोळे बारीक करून म्हणाला, "तो खांब नाहीये. माणूस आहे. मिटलेली छत्री घेऊन उभा आहे."

दहा-बारा जण एकदम पुढे आले. "अरे हो!" "कुठे?" "बाई, मला तो दिसलाच नाही!"

मीही जवळ गेले. गडद निळ्यावर गडद निळा, आणि खांद्यावरून गेलेली प्रकाशाची केसाएवढी रेघ. एकदा दिसल्यावर तो माणूस चित्रातून जाईना. तो रस्ता ओलांडायला निघाला होता, एक पाय पुढे.

गप्प राहायचा नियम मोडून ती मुलगी म्हणाली, "गाडीवाल्यालाही तो दिसत नाही."

तिच्या पाकिटातलं वाक्य असं होतं: 'रात्री गाडी चालवणाऱ्याला: दिसत नाही म्हणजे कोणी नाही, असं समजू नका.' ३४ पोस्टरांत विषयाच्या इतक्या आत गेलेलं दुसरं पोस्टर नव्हतं, आणि सुसंगतीला आम्ही त्यालाच सर्वांत कमी गुण दिले होते.

पण एवढ्यावर काम संपलं नाही, आणि संपवणं तिच्या दृष्टीनेही बरोबर नव्हतं. दहा पावलांवरून ते फक्त एक सुंदर निसर्गचित्र दिसत होतं. भिंतीवरच्या पोस्टरसमोर कोणी पाच मिनिटं उभं राहत नाही. डिझायनरने विचारलं, "जाणाऱ्याला थांबवेल असं यात काय आहे?" सहकारी म्हणाले, माणूस थोडा उजळ कर. ती पटकन म्हणाली, "मग तो दिसेल ना!" आणि वर्ग हसला, कारण बरोबर होतं. तो दिसला की पोस्टर मेलं.

इथे माझ्या ओठांवर एक ओळ आली होती. चांगली होती. मी ती बोलले नाही, आणि या सगळ्या प्रकरणात माझा एखादा निर्णय निर्विवाद बरोबर ठरला असेल तर तो हा. दुपारच्या सुट्टीत ती त्या बारीक डोळ्यांच्या मुलाकडे आणि 'मला तो दिसलाच नाही' म्हणणाऱ्या मुलीकडे गेली आणि विचारून आली की तुमचं वाक्य घेऊ का. आठवड्याने पोस्टर परत आलं तेव्हा खाली लिहिलं होतं, 'तो दिसला का?' अक्षरं तिने आधी त्याच गडद निळ्यात लिहिली होती. डिझायनरने एकच प्रश्न केला, हे वाचायला किती जवळ यावं लागेल? मुलगी स्वतः दहा पावलं मागे गेली, परत आली आणि अक्षरं पांढऱ्याने गिरवली. आता दुरून प्रश्न वाचता येत होता, आणि उत्तर शोधायला जवळ यावं लागत होतं.

कोऱ्या कागदाचं पोस्टर

त्याच दुपारी त्या मुलाचं पोस्टर लागलं आणि मी ते ओळखलंच नाही. वरच्या अर्ध्या भागात आता लाल गाडी होती, चकचकीत, दरवाजाच्या मुठीसकट. दोन्ही बाजूंना झाडं, कोपऱ्यात सूर्य. 'दिसलं' हा शब्द झाडाखाली गेला होता. कोळशाचे डाग खोडरबराने पुसले होते.

मुलांनी वर्णन केलं: गाडी, झाडं, चेंडू, काळ्या रेघा. प्रश्नांच्या वेळी एका मुलीने विचारलं, "टायरच्या खुणा गाडीच्या पुढे कशा? गाडी तर अजून मागेच आहे."

तो म्हणाला, "आधी गाडी नव्हती."

"मग काय होतं?"

"रिकामं होतं. तो एक सेकंद होता."

विज्ञानाचे सहकारी खुर्चीतून उठले. त्यांनी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि दोघांनी मिळून हिशोब मांडला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. चेंडू दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते, वेग जराही कमी न होता. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, पुढे थांबायला साधारण तितकंच अंतर लागतं. अर्धा कागद आणि अर्धा कागद. त्याने प्रमाण मोजून घेतलं होतं. वरच्या भागात खुणा नव्हत्या, कारण ब्रेक लागल्याशिवाय खुणा उमटतच नाहीत. सहकाऱ्यांनी पुढे ताशी ३० चा हिशोब केला: एका सेकंदात सुमारे ८ मीटर, थांबायला सुमारे ५. म्हणजे ५० ने येणाऱ्याचा पाय ब्रेकवर पडतो तिथे पोचेपर्यंत ३० ने येणारी गाडी जागच्या जागी थांबलेली असते. वर्गात कोणी हललं नाही.

मी त्याला विचारलं, मग तू ती जागा भरलीस का?

त्याने कंपासपेटी उघडली आणि चार घड्या घातलेली चिठ्ठी काढून दिली. माझं अक्षर. 'वरची अर्धी जागा रिकामी. चित्र पूर्ण कर.'

या जागेवर मी या प्रकरणात सर्वांत जास्त रेंगाळले आहे. एकाच दिवशी दोन मुलांना मी चुकीचं सांगितलं. जिने ऐकलं नाही तिचं पोस्टर वाचलं. ज्याने मनापासून ऐकलं, तीन दिवस खपून ऐकलं, त्याचं गेलं. आपण 'मुलं शेरे मनावर घेत नाहीत' म्हणतो. पण चुकीच्या शेऱ्याची किंमत ते मनावर घेणारं मूलच मोजतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्या पोस्टरांचे फोटो काढले होते, नोंदीसाठी. त्याचा जुना फोटो पडद्यावर आणि नवं पोस्टर शेजारी ठेवलं. मला वाटलं होतं सगळे जुन्याच्या बाजूने बोलतील. अर्धा वर्ग नव्याच्या बाजूने होता. 'गाडी मस्त आहे', 'जुन्यात समजावून सांगावं लागतं'. दुसरं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. 'दिसलं' आणि 'ब्रेक' या दोन शब्दांतून ते अंतर म्हणजे वेळ आहे हे आम्हा तिघांना तरी कुठे कळलं होतं? रिकामी जागा ठेवणं बरोबर होतं, पण ती रिकामी का आहे हे सांगणारं काहीतरी, कदाचित नुसता '१४ मीटर' हा आकडा, कमी होता. पहिल्या दिवशी 'ही जागा रिकामी का आहे?' एवढं मी विचारलं असतं तर त्यालाच ते सुचलं असतं.

आता काय करायचं? पांढरा कागद चिकटवून जुनं परत आणता आलं असतं, नवीन करता आलं असतं, किंवा आहे तसं ठेवता आलं असतं. सहकारी म्हणाले, त्याला सांगा, जुनं पुन्हा कर. मला ते सांगवेना. तो पुन्हा ऐकणार हे मला माहीत होतं, आणि मग ते तिसरं पोस्टरही माझंच झालं असतं. मी तिन्ही वाटा त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं की यातली कोणतीही निवड, तुझे गुण त्यावर अवलंबून नाहीत. त्याने दोन दिवस घेतले. मग म्हणाला, "बाई, गाडी राहू दे. तिला तीन दिवस लागलेत."

निष्पत्ती

सिग्नलवाल्या १५ पैकी सहा जणांनी कल्पना मुळातून बदलली. त्यातल्या चारांची पोस्टरं सुधारली, दोघांची बिघडली. दुसऱ्या वेळी दिलेल्या गुणांत आम्हा तिघांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी दोन गुणांच्या आत आलं, पण याचं श्रेय पद्धतीला किती आणि तीच पोस्टरं दुसऱ्यांदा पाहण्याला किती, हे वेगळं काढता येणार नाही. ओल्या रस्त्याचं पोस्टर प्रदर्शनात लागलं. तिने माझ्याशी पुन्हा पूर्वीसारखं बोलायला आणखी बरेच दिवस घेतले, आणि ते रास्त होतं.

दोन पालकांनी गुण बदलल्याची तक्रार केली. आम्ही त्यांना दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी दाखवल्या. एकाचं समाधान झालं.

पुन्हा करायचं तर

नमुने आधी दाखवणार नाही. पहिली कच्ची रेखाटनं कागदावर उतरल्यावर दाखवीन, आणि तेव्हा योझेफ म्युलर-ब्रोकमान या स्विस डिझायनरचं १९५३ चं पोस्टर नक्की दाखवीन. 'मुलाला जपा' असं सांगणाऱ्या त्या पोस्टरात छायाचित्रातली मोटरसायकल अंगावर येण्याएवढी प्रचंड आहे आणि धावणारं मूल तिच्यापुढे इवलंसं. रक्त नाही, कवटी नाही, सिग्नल नाही; सगळं काम आकारातल्या फरकाने केलं आहे. हे आधी दाखवलं तर मात्र १५ मोटरसायकली येतील.

सुसंगतीचा निकष 'विषय दिसतो का' ऐवजी 'कोणाला, काय करायला सांगतं, आणि ते चित्रातून पोचतं का' असा लिहिला आहे. सर्जनशीलता आणि सुसंगती हे रकाने एक करावेत असं माझं मत आहे. सहकाऱ्यांना ते मान्य नाही: एक केलं तर हुशार पण विषय सोडून गेलेल्या मुलाला नेमकं काय कमी पडलं ते कळणार नाही, असं ते म्हणतात. रकाने सध्या दोनच आहेत.

पहिल्या दिवशीच्या चिठ्ठीवर आज्ञार्थी क्रियापद लिहायचं नाही, असा आम्ही नियम केला आहे. 'पूर्ण कर', 'काढून टाक', 'उजळ कर' यांतलं काहीही नाही. खटकलेल्या जागेबद्दल फक्त प्रश्न लिहायचा. आणि परीक्षकाच्या हाती पोस्टर देण्याआधी मुलाने मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ लिहायची: यातलं काय बदललं तर हे माझं पोस्टर राहणार नाही? त्या मुलाने तिथे काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे.

सहा तास सगळ्यांकडे नसतात. एकच तास असेल तर मी मूल्यमापन सोडून देईन आणि वर्णन ठेवीन. दिसतं ते मोठ्याने बोलायला पाच मिनिटं लागतात, आणि खांबाचा माणूस त्या पाच मिनिटांतच झाला होता.

प्रदर्शनात त्या मुलाच्या पोस्टरपुढे लहान मुलांची गर्दी होती, लाल गाडीसाठी. तो शेजारी उभा होता. गाडीच्या टपावर बोट ठेवून ते हळूहळू कागदाच्या मध्यापर्यंत खाली आणायचा आणि प्रत्येक नव्या मुलाला सांगायचा, "इथपासून इथपर्यंत ब्रेक लागलेलाच नाही."